निळ्या बाणांचं रान आणि डोंगर चढणारी होडी

बालमित्रांनो, फ्रान्स म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? आयफेल टॉवर! बरोबर ना? आज मात्र आपण त्या टॉवरकडे सरळ पाठ फिरवायची आहे. पायात मजबूत बूट, पाठीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, चीजचा तुकडा आणि काठीसारखा लांबलचक पाव. झाली तयारी! आता चालायचं.

फ्रेंच लोकांना पायी भटकण्याचं भारी वेड. सुट्टीच्या दिवशी आई-बाबा, आजी-आजोबा, चिल्लीपिल्ली, घरचं कुत्रं अशी अख्खी वरात रानात, नाहीतर कालव्याच्या काठी निघते. आपणही त्यांच्यामागून तीन वाटा चालू या. एक रानातली, एक कालव्याकाठची आणि एक नदीकाठची. चालता चालता एकच प्रश्न मनात ठेवा, की ही वाट, हे पाणी, ही झाडं आपल्यापर्यंत टिकली ती कोणामुळे?

निळे बाण काढणारा शिपाई

पॅरिसपासून सुमारे ६० किलोमीटरवर फोंतेनब्लोचं जंगल आहे. आगगाडीनं तासाभरात पोचता येतं. जंगल म्हणजे केवढं? जवळजवळ १७,००० हेक्टर! ओक, बीच आणि पाइनची उंच झाडं, आणि त्यांच्यामध्ये पसरलेले हजारो प्रचंड खडक. कुठला हत्तीसारखा, कुठला कासवासारखा. पायाखाली मात्र पांढरीशुभ्र वाळू! समुद्र तर खूप लांब. मग जंगलात वाळू आली कुठून? अहो, तीन कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथं समुद्रच होता. तो हटला, वाळू मागे राहिली. त्याच वाळूचे थर घट्ट होऊन हे खडक झाले.

या जंगलात तुम्ही चालू लागलात की झाडांवर, खडकांवर छोट्या निळ्या खुणा दिसतात. या खुणांची गोष्ट मोठी गमतीची आहे.

क्लोद-फ्रांस्वा देनकूर नावाचा एक माणूस होता. जन्म १७८८ चा. नेपोलियनच्या सैन्यात तो शिपाई होता, लढाईत जखमीही झाला होता. पुढे फोंतेनब्लोमधल्या सैनिकांच्या बराकीत राखणदाराची नोकरी मिळाली, पण १८३२ साली तीही गेली. त्याची राजकीय मतं वरच्यांना पसंत नव्हती म्हणे. नोकरी गेली, मन उदास झालं. दुसरा कोणी घरात बसून कुढला असता. देनकूर रानात जाऊन चालू लागला.

रोज चालायचा. खडकांमधल्या फटी, गुहा, जुनी झाडं, उंचावरून दूरवर दिसणारा देखावा, सगळं धुंडाळायचा. मग त्याच्या मनात आलं, हे सगळं मी एकट्यानं का पाहायचं? त्या काळी जंगल म्हणजे राजाची शिकार आणि लाकूडतोड्यांचं काम. शहरातली माणसं आत शिरली की हमखास वाट चुकत. म्हणून १८४२ पासून त्यानं झाडांवर आणि खडकांवर निळे बाण रंगवायला सुरुवात केली. पदरचे पैसे घालून मजूर लावले, दगड हलवून वाटा मोकळ्या केल्या, झाडांना आणि खडकांना नावं दिली, वाटाड्या पुस्तकं लिहिली. होता होता त्यानं सुमारे १५० किलोमीटरच्या पायवाटा तयार केल्या. खुणा करून दाखवलेल्या पायवाटा जगात पहिल्यांदा इथंच झाल्या असं मानतात. १८४९ मध्ये पॅरिसहून रेल्वे आली, आणि मग काय विचारता! सुट्टीच्या दिवशी गाड्या भरभरून लोक देनकूरच्या वाटांवर चालायला येऊ लागले.

तुम्ही कधी सह्याद्रीत एखाद्या गडावर गेला असाल, तर कातळावर रंगवलेले बाण पाहिले असतीलच. धुक्यात असा एक बाण दिसला की केवढा धीर येतो! देनकूरनं लोकांना नेमका तोच धीर दिला.

चित्रकारांचं भांडण

पण थांबा हं! सगळेच काही देनकूरवर खूश नव्हते. जंगलाच्या कडेला बार्बिझों नावाचं खेडं आहे. तिथं चित्रकारांचा अड्डा होता. तेओदोर रूसो हा त्यांतला मोठा. झाडाखाली तासन्‌तास बसून तो चित्रं काढायचा. या चित्रकारांना वाटे, देनकूरच्या वाटा आणि निळे बाण रानाचा रानटीपणा घालवतात. गर्दी येते, शांतता जाते.

त्यांचं त्याहून मोठं भांडण होतं सरकारी वनखात्याशी. खातं जुने ओक तोडून विकायचं आणि त्या जागी लवकर वाढणारे पाइन लावायचं. काही चित्रकार रागानं रात्री जाऊन पाइनची रोपं उपटून टाकत! पण रोपं उपटून जंगल वाचत नाही, हे रूसोला कळत होतं. १८५२ मध्ये त्यानं सरकारकडे दाद मागितली. हे जुने वृक्ष म्हणजे देशाचा ठेवा आहे, पुतळे आणि राजवाडे जपता तसेच तेही जपा, असं त्याचं म्हणणं.

आणि १८६१ साली खरोखरच सम्राटाचा हुकूम निघाला. जंगलाचा १,०९७ हेक्टर भाग ‘कलेसाठी राखीव’ ठेवण्यात आला. तिथल्या झाडांना हात लावायचा नाही! अमेरिकेतलं यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं १८७२ साली. म्हणजे फोंतेनब्लोची ही राखीव झाडं त्याच्या ११ वर्षं आधीची.

आता तुम्हीच सांगा, बरोबर कोण? लोकांना रानात बोलावणारा देनकूर, की गर्दी नको म्हणणारे चित्रकार? आज या जंगलात दरवर्षी लाखो लोक येतात. त्यांच्या पायांनी वाळू घसरते, मुळं उघडी पडतात. म्हणजे चित्रकारांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण माणसं रानात गेलीच नसती, तर रानावर जीव तरी कोणी लावला असता? म्हणून तिथं आता सांगतात, या जरूर, पण वाट सोडून जाऊ नका. देनकूर १८७५ मध्ये वारला. त्याच्या निळ्या खुणा मात्र आजही स्वयंसेवक नव्यानं रंगवत असतात.

पाणी डोंगर चढेल का?

आता चला दक्षिणेला, तुलूझ शहराकडे. इथून एक कालवा निघतो. ‘कनाल द्यु मिदी’, म्हणजे दक्षिणेचा कालवा. लांबी २४० किलोमीटर. त्याच्या काठानं जी पायवाट जाते, तिच्यावरून पूर्वी घोडे चालत. घोड्याला दोर बांधायचा, दोराचं दुसरं टोक होडीला. घोडा काठावरून चालतो, होडी पाण्यातून सरकते! आज घोडे गेले, पण वाट उरली. तिच्यावर माणसं चालतात, सायकली पळतात.

तुम्ही म्हणाल, कालवा तर आमच्या गावाजवळही आहे, त्यात विशेष ते काय? ऐका तर.

फ्रान्सच्या एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र. एकीकडून दुसरीकडे माल न्यायचा तर जहाजाला अख्ख्या स्पेनला वळसा घालावा लागे. सुमारे ३,००० किलोमीटरचा फेरा! वाटेत वादळं आणि चाचे. मधून कालवा काढला तर? कल्पना जुनीच होती, पण मध्ये जमीन उंच. होडी एका बाजूनं टेकाड चढून दुसऱ्या बाजूला उतरणार कशी?

हे कोडं सोडवलं पिएर-पोल रिके नावाच्या गृहस्थानं. हा इंजिनियर नव्हता बरं का! मिठावरचा कर गोळा करायचं त्याचं काम. मिठावरचा कर म्हटल्यावर तुम्हाला १९३० ची दांडीयात्रा आठवली असेल. फ्रान्समधल्या लोकांचाही त्या करावर असाच राग होता. पण याच कामासाठी गावोगाव हिंडताना रिकेला डोंगर, ओढे, उतार पाठ झाले.

१६६६ च्या ऑक्टोबरात राजा चौदाव्या लुईनं कालव्याचा हुकूम काढला. हे साल ओळखीचं वाटतं का? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले होते! १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा तिकडे हजारो माणसं कुदळ-फावडी घेऊन हा कालवा खणत होती.

आता होडी चढते कशी ते पाहू. कालव्यात ठिकठिकाणी पाण्याची ‘खोली’ असते, तिला लॉक म्हणतात. खोलीला दोन दारं. एक खालच्या पाण्याकडे, एक वरच्या. होडी खालच्या दारातून आत येते. दार बंद. मग वरच्या बाजूची झडप उघडायची. वरचं पाणी खोलीत शिरतं, पातळी वाढते आणि पाण्याबरोबर होडीही अलगद वर येते. पाणी वरच्या पातळीला आलं की वरचं दार उघडायचं, होडी पुढे! उतरताना हेच उलटं. ना पंप, ना इंजिन. दारंसुद्धा टोकदार कोन करून मिटतात, म्हणजे पाण्याचा दाब जितका जास्त तितकी ती घट्ट बसतात. आहे की नाही गंमत! या कालव्याच्या लॉकचा आकार चौकोनी नाही, लंबगोल आहे. कारण गोलसर भिंत आडव्या कमानीसारखं काम करते आणि बाहेरच्या मातीचा दाब पेलते.

बेझिए शहराजवळ तर अशा आठ खोल्या एकीला एक लागून आहेत. पाण्याचा जिनाच म्हणा ना! या जिन्यावरून होडी सुमारे २१ मीटर चढते, म्हणजे सहा-सात मजली इमारतीइतकी.

पण खरी अडचण पुढेच होती. दर वेळी लॉक भरलं की वरचं पाणी खाली जातं. मग सगळ्यात उंच जागी, नोरूझ इथं, सतत पाणी आणायचं कुठून? समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंचीची ही जागा. रिकेनं शेजारच्या ‘काळ्या डोंगरा’तले ओढे पाटांनी एकत्र केले आणि सें-फेरेओल इथं मोठं धरण बांधून पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्यासाठी साठवलं. ते पाणी नोरूझला येतं आणि तिथं त्याच्या दोन वाटा होतात. एक अटलांटिककडे, एक भूमध्य समुद्राकडे. तिथं उभं राहिलात, तर शेजारी शेजारी वाहणारे दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना मिळायला निघालेले असतात!

या कामावर एका वेळी १२,००० पर्यंत माणसं होती. त्यांत शेकडो बायका होत्या. पिरेनीज पर्वतातल्या बायकांना उतार साधून पाणी लांबवर नेण्याची जुनी हातोटी होती, तीही इथं कामी आली असं अभ्यासक सांगतात. रिके मजुरांना रविवारची, पावसाची आणि आजारपणाचीही मजुरी द्यायचा. त्या काळात हे नवलच होतं.

बेझिएजवळ एक टेकडी आडवी आली. दगड ठिसूळ, बोगदा कोसळणार म्हणून काम थांबवायचा हुकूम आला. पण सांगतात की, हुकमाची पर्वा न करता रिकेनं गुपचूप बोगदा खणवलाच. सुमारे १७० मीटर लांबीचा हा मालपासचा बोगदा. त्यातून आजही होड्या जातात.

रिकेनं या कालव्यात स्वतःची सगळी संपत्ती ओतली. मुलींच्या लग्नासाठी ठेवलेले पैसेही गेले म्हणतात. आणि १६८० च्या ऑक्टोबरात, कालवा पुरा व्हायला जेमतेम काही महिने उरले असताना, तो वारला. आपले महाराजही त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले. १६८१ च्या मे महिन्यात कालव्यातून पहिल्या होड्या निघाल्या, तेव्हा ते पाहायला रिके नव्हता. वडिलांचं कर्ज निस्तरायला मुलांना आणि नातवंडांना पुढं चाळीसएक वर्षं लागली.

झाडं आजारी पडली

या कालव्याची छायाचित्रं पाहिलीत तर पहिल्यांदा नजरेत भरतात ती झाडं. दोन्ही काठांवर उंच प्लेन वृक्षांची रांग, वर फांद्यांची कमान, खाली हिरवं पाणी. काश्मीरचा चिनार तुम्हाला माहीत असेल. हा प्लेन त्याचाच जवळचा नातेवाईक. पान पंजासारखं, साल तुकड्यातुकड्यांनी गळून खोडावर नकाशे उमटलेले.

ही झाडं रिकेच्या वेळची नाहीत, ती लावली गेली एकोणिसाव्या शतकात. नुसती शोभेसाठी नव्हे हं! त्यांची मुळं काठाची माती धरून ठेवतात, सावलीमुळे पाणी कमी आटतं. अशी जवळजवळ ४२,००० झाडं होती. १९९६ साली युनेस्कोनं कालव्याला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात या हिरव्या रांगांचाही वाटा होता.

आणि २००६ मध्ये कालव्याकाठच्या काही झाडांची पानं अवेळी सुकलेली दिसली. तपासलं तेव्हा कळलं, ही एका सूक्ष्म बुरशीची करामत. शास्त्रज्ञ मानतात की दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकन सैन्य दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती आली. अमेरिकेतल्या प्लेनला या बुरशीशी झगडायची सवय आहे, इकडच्या झाडांना नव्हती. मुळांना किंवा सालीला कुठं खरचटलं की ती आत शिरते, आणि दोन ते पाच वर्षांत भलंमोठं झाड उभ्याउभ्या वाळतं. पाण्यातून, होडीच्या घासण्यातून, फांद्या छाटायच्या करवतीतूनही ती पसरते. औषध नाही.

मग उपाय काय? फार कठोर. आजारी झाड तोडायचं, शेजारची दिसायला धडधाकट झाडंही तोडायची आणि लाकूड तिथंच जाळायचं. विचार करा मित्रांनो, दीडशे वर्षांचं झाड, ज्याच्या सावलीत आजोबा मासे पकडत बसायचे, त्यावर करवत चालताना गावकऱ्यांना काय वाटलं असेल! आतापर्यंत त्या ४२,००० पैकी निम्म्याहून अधिक झाडं गेली. कित्येक मैल काठ उघडे पडले.

पण गोष्ट इथं संपत नाही. २०११ च्या सुमाराला नवी लागवड सुरू झाली. या वेळी शहाणपण शिकून. सगळीकडे एकच झाड लावलं की एकच रोग सगळ्यांना खातो, हा धडा मिळाला होता. म्हणून आता मुख्यतः ओकची एक जात आणि तिच्या जोडीला लिंडेन, पॉप्लर अशी तऱ्हेतऱ्हेची झाडं लावतात. खर्च मोठा म्हणून लोकांनी वर्गणीही दिली. ही झाडं अजून लहान आहेत. त्यांची कमान पाण्यावर मिळेल तेव्हा ती लावणारे नसतील. रिकेनं तरी दुसरं काय केलं?

नदीवरून जाणारा कालवा

तिसरी वाट थोडक्यात पाहू. लुआर ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. हजार किलोमीटरहून जास्त. उन्हाळ्यात वाळूची बेटं उघडी पडतात, पावसात पूर येतो. अशा लहरी नदीतून मालाच्या होड्या न्यायच्या कशा? म्हणून लोकांनी नदीला समांतर कालवा काढला. पण एका जागी होड्यांना नदी ओलांडावीच लागे, आणि तिथं अपघात होत. मग ब्रियार इथं १८९६ मध्ये चक्क नदीवर पाण्याचा पूल बांधला. ६६२ मीटर लांबीचं पोलादी पन्हळ, त्यात पाणी, पाण्यात होड्या, आणि खालून नदी! त्याचे दगडी खांब उभारले ते आयफेलच्या कंपनीनं. बघा, टॉवरकडे पाठ फिरवली तरी आयफेलसाहेब भेटलेच! पुलाच्या दोन्ही कडांना पायवाट आहे, दिव्यांचे सुंदर खांब आहेत. एका हाताला होडी, दुसऱ्या हाताला खोल खाली लुआर, असं तिथं चालता येतं.

या नदीकाठच्या गावांत चालताना भिंतींकडे जरूर पाहावं. दगडात रेघ कोरलेली असते, शेजारी साल. १८४६, १८५६, १८६६. त्या वर्षी पूर इथवर चढला होता! काही रेघा मोठ्या माणसाच्या डोक्याच्याही वर. उन्हाळ्यात वाळूच्या बेटांजवळ पाट्या दिसतात, की इथं पाय ठेवू नका. कारण तिथं सुरय पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, चुकून पाय पडला तर संपलंच.

लाल-पांढरी खूण

देनकूरचं बाणांचं वेड पुढं अख्ख्या देशानं घेतलं. १९४७ पासून फ्रान्सभर लांब पल्ल्याच्या पायवाटा आखल्या जाऊ लागल्या. त्यांची खूण म्हणजे वर पांढरी पट्टी, खाली लाल. गावाभोवतीच्या छोट्या वाटेची पिवळी पट्टी. दोन पट्ट्यांची फुली दिसली तर समजायचं, वाट चुकली, मागे फिरा! या खुणा रंगवणारे हजारो लोक पगारी नोकर नाहीत. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन सुट्टीच्या दिवशी निघणारी साधी माणसं आहेत.

मग मित्रांनो, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? नोकरी गेलेला शिपाई, हट्टी चित्रकार, कर गोळा करणारा रिके, पाट खणणाऱ्या बाया, रोपं लावणारे गावकरी. यांतल्या पुष्कळांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत.

या रविवारी करून पाहा

आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना बरोबर घ्या आणि घराजवळची एखादी वाट तासभर चाला. कालव्याची असो, ओढ्याची असो, नाहीतर टेकडीची. पाण्याच्या अगदी कडेला मात्र जायचं नाही, आणि मोठ्या माणसाशिवाय तर मुळीच नाही. वहीत तीन गोष्टी लिहा. वाटेवरच्या पाच झाडांची नावं. त्यांतलं सर्वांत जुनं झाड कोणी लावलं असेल, हे तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून. आणि गेल्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते.

पाच झाडांची नावं आली नाहीत तर लाजू नका. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच वाटेनं जा. देनकूरही रोज तीच वाट चालत होता!